तपासणीच्या टेबलावर बसण्याआधी: नजरेच्या परीक्षेची तयारी

भोसरी, चाकण, तळवडे, रांजणगाव. या पट्ट्यातल्या चांगल्या कारखान्यांत फायनल इन्स्पेक्शनच्या टेबलावर कुणालाही थेट बसवत नाहीत. आधी डोळे तपासतात, मग डोजोमध्ये, म्हणजे कारखान्यातल्या प्रशिक्षणाच्या खोलीत, चार-सहा दिवस डिफेक्टचे नमुने दाखवतात आणि शेवटी समोर पन्नास पार्ट मांडून नजरेची परीक्षा घेतात. पास झालात की स्किल मॅट्रिक्समध्ये (कुणाला कोणतं काम किती येतं त्या तक्त्यात) तुमच्या नावापुढच्या वर्तुळाचा आणखी एक पाव भाग भरला जातो. नापास झालात तर पुढची संधी येईपर्यंत परत लाइनवर.

मी अकरा वर्षं अ‍ॅल्युमिनियम डाय कास्टिंगचे, म्हणजे वितळलेला धातू साच्यात घालून बनवलेले, पार्ट तपासले. गेली सहा वर्षं नव्या मुलामुलींना या परीक्षेसाठी तयार करते. आयटीआय करून आलेली ही मुलं हुशार असतात, डोळे शाबूत असतात, तरी पहिल्या खेपेला बरीच जण अडकतात, कारण परीक्षा नेमकी कशाची आहे हेच त्यांना कुणी नीट सांगितलेलं नसतं.

पन्नास पार्ट, तीन फेऱ्या

त्या पन्नासात काही पार्ट सरळ चांगले असतात, काही सरळ खराब आणि काही मुद्दाम निवडलेले काठावरचे. प्रत्येक पार्टचा खरा निकाल आधीच ठरवून लिहून ठेवलेला असतो, त्याला रेफरन्स म्हणतात. तुम्ही पार्ट उचलायचा, बघायचा, ओके की एनजी (नॉट गुड, म्हणजे खराब) ते सांगायचं. बाजूला बसलेला माणूस लिहून घेतो. मग क्रम बदलून तेच पन्नास पार्ट पुन्हा समोर येतात. मग तिसऱ्यांदा. सहसा तीन इन्स्पेक्टर बसवतात, म्हणजे एकूण साडेचारशे निर्णय. वाहन उद्योगात मोजमाप-तपासणी किती भरवशाची ते पाहण्यासाठी जे एमएसए मॅन्युअल चालतं त्यातली ही पद्धत. शॉपवर सगळे तिला कप्पा स्टडी म्हणतात. हा आपला कपाटातला कप्पा नव्हे, ग्रीक अक्षराचं नाव आहे.

कप्पा का काढतात ते समजून घ्या, म्हणजे तयारीची दिशा कळेल. समजा पन्नासांपैकी ४५ पार्ट चांगले आणि ५ खराब आहेत. एखाद्यानं पार्टकडे न बघता सगळ्यांना ओके म्हटलं, तरी त्याचे ९० टक्के निर्णय बरोबर निघतील. कप्पा काढला तर तो शून्य येतो. नशिबानं जुळलेली उत्तरं वजा करून उरलेली सहमती किती, एवढंच तो आकडा सांगतो. ०.७५ च्या वर गेला की चांगलं मानतात, ०.४० च्या खाली गेला तर काहीच खरं नाही.

याशिवाय दोन आकडे पाहतात. खराब पार्टला ओके म्हणालात तर तो मिस. चांगल्या पार्टला एनजी म्हणालात तर तो फॉल्स अलार्म. त्या मॅन्युअलप्रमाणे मिस २ टक्क्यांपर्यंत आणि फॉल्स अलार्म ५ टक्क्यांपर्यंत चालतो. ५ टक्के मिस आणि १० टक्के फॉल्स अलार्म ही काठावरची हद्द, त्यापुढे नापास. आता हे पार्टांत मोजून बघा. २० पार्ट खराब असतील तर तीन फेऱ्यांत मिस होण्याचे ६० प्रसंग येतात आणि त्यात तुम्हाला एकच चूक माफ आहे. ३० पार्ट चांगले असतील तर ९० प्रसंग, त्यात चार चुका माफ.

पण मुलांना सगळ्यात उशिरा कळणारी गोष्ट वेगळीच असते. ही परीक्षा तुमची तुमच्याशीच तुलना करते. १७ नंबरच्या पार्टला पहिल्या फेरीत ओके, दुसऱ्या फेरीत एनजी आणि तिसऱ्या फेरीत पुन्हा ओके म्हणालात, तर त्या पार्टचा खरा निकाल काहीही असो, तुमच्या मनातली रेषा हलते आहे हे कागदावर उघडं पडतं.

मी का नापास झाले होते

माझी पहिली परीक्षा झाली तेव्हा माझ्या हातून एकही खराब पार्ट सुटला नव्हता. निकाल ऐकायला मी निर्धास्त गेले. सुपरवायझरनी शीट समोर ठेवली. चांगल्या पार्टांना मी अकरा वेळा एनजी म्हटलं होतं. नव्वदात अकरा म्हणजे १२ टक्क्यांच्या वर, सरळ नापास.

त्याच्या आदल्याच आठवड्यात कस्टमरकडून कंप्लेंट आली होती आणि आमच्या शिफ्टमधल्या एका मुलीला सगळ्यांसमोर खूप बोलले होते. ते माझ्या डोक्यात होतं. जिथे जिथे शंका आली तिथे मी पार्ट खराब मालाच्या लाल बिनकडे ढकलला, कारण त्यात मला कुणी बोलणार नव्हतं. परीक्षेला येणाऱ्या दर बॅचमध्ये मला हे दिसतं. खराब पार्ट सोडण्यापेक्षा चांगला पार्ट अडवणं सुरक्षित वाटतं. पण लाल बिनमध्ये गेलेल्या त्या चांगल्या पार्टामागे भट्टीपाशी उभं राहून ओतणाऱ्याचा घाम आहे, सीएनसी मशीनवर लावणाऱ्याचा वेळ आहे आणि वितळवायला खर्च झालेली ऊर्जा आहे. तो पार्ट पुन्हा वितळतो आणि कुणाला पत्ताही लागत नाही. म्हणून मी पहिल्या दिवसापासून सांगते की शंका आली म्हणजे एनजी, ही सवय सोडा. शंका आली तर लिमिट सॅम्पल उचला.

लिमिट सॅम्पल म्हणजे 'इथपर्यंत चालेल' असा सही-तारखेचा टॅग लावलेला नमुना. प्रत्येक डिफेक्टचा वेगळा असतो: पोरोसिटीचा (धातूतल्या बारीक छिद्रांचा), स्क्रॅचचा, डेंटचा. डोजोतले दिवस खरं तर या नमुन्यांसाठी असतात. मुलं खराब पार्ट पाहण्यात दिवस घालवतात, कारण ते बघायला मजेदार असतात, फुटलेले, अर्धवट भरलेले. त्यांना तर कुणीही पकडेल. तुम्ही काठावरचा नमुना हातात धरा, डोळे मिटा, आठवा, पुन्हा बघा. एखाद्या सकाळी नमुना न बघता कागदावर त्या छिद्राचा आकार पेनानं काढून मग खऱ्याशी ताडून पाहा. बहुतेकांनी तो खऱ्यापेक्षा मोठा काढलेला असतो. तो आकार मनात पक्का बसेपर्यंत परीक्षेला बसायची घाई करू नका.

नजरेचा रस्ता

माझी आई बार्शीला दळणाची ज्वारी निवडायची. परातीच्या एका कडेला मूठभर ज्वारी घ्यायची, बोटांनी एक दाणा जाडीची पसरायची आणि बोट पुढे पुढे सरकवत समोरच्या कडेला नेऊन सोडायची. मग दुसरी मूठ. निवडलेलं आणि न निवडलेलं कधी एकमेकांत मिसळत नसे, दोघांच्या मध्ये नेहमी बोटभर मोकळी पत्र्याची पट्टी असे. बोलत बोलत निवडायची, पण बोट कधी मागे गेलेलं मी पाहिलं नाही. तपासणीचं टेबल मांडताना मी आजही ती पट्टी ठेवते: डावीकडे बघायचे पार्ट, मध्ये मोकळी जागा, उजवीकडे बघून झालेले.

पार्टवर फिरणाऱ्या नजरेलाही असाच ठरलेला रस्ता हवा. माणसाला एका वेळी अगदी स्वच्छ दिसतं ते फार थोडं, हात लांब करून अंगठ्याचं नख धरलं तर साधारण तेवढंच. बाकीचं सगळं अंदाजानं भरून काढलेलं असतं. शिवाय डोळा उड्या मारत फिरतो आणि उडीच्या क्षणी जवळजवळ काही दिसत नाही. तो थांबला की दिसतं. पार्ट हातात गरागरा फिरवून 'बघितला' म्हणणारा मुलगा खोटं बोलत नसतो, त्याला खरंच वाटत असतं की आपण बघितला.

दुचाकीच्या क्लच कव्हरचं उदाहरण घेते. मी शिकवते तो रस्ता असा आहे. आधी ऑइल सीलची बोअर (मोठं गोल भोक), आतून पूर्ण एक फेरी. मग बाराच्या ठिकाणापासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं टॅप होल (स्क्रूची भोकं), प्रत्येकावर थांबून, आत चुडी (आटे) दिसते आहे याची खात्री करत. मग सीलिंग फेस, त्याच दिशेनं. मग पार्ट उलटा करून रिब्स (उभ्या पट्ट्या) आणि बॉसची (स्क्रूसाठीच्या जाड उंचवट्यांची) मुळं. शेवटी बाहेरचा, गिऱ्हाइकाला दिसणारा फेस, वरून खाली तीन पट्ट्यांत. हा क्रम प्रत्येक पार्टला तोच. डिफेक्ट सापडला तरी रस्ता पूर्ण करायचा, कारण एक सापडला की मन 'झालं काम' म्हणून सैल पडतं आणि दुसरा सुटतो. परीक्षेत एनजीबरोबर कारणही विचारत असतील तर हे फार महागात पडतं.

सुरुवातीला रस्ता बोटानं दाखवत आणि पुटपुटत चाला. 'बोअर ओके. एक, दोन, तीन…' लाजू नका. जपानी रेल्वेत कर्मचारी सिग्नलकडे बोट दाखवून मोठ्यानं उच्चारतात. तिथल्या रेल्वे संशोधन संस्थेनं १९९४ साली केलेल्या प्रयोगात बोट आणि उच्चार दोन्ही वापरल्यावर चुका शंभरामागे २.३८ वरून ०.३८ वर आल्या होत्या. आपल्याकडेही लोको पायलट आणि त्याचा असिस्टंट सिग्नलचा रंग एकमेकांना मोठ्यानं सांगतात.

रस्ता हवा याचं आणखी एक कारण आहे. २०१३ साली अमेरिकेत २४ रेडिओलॉजिस्टना फुफ्फुसाचे सीटी स्कॅन देऊन गाठी शोधायला सांगितलं होतं. एका स्कॅनमध्ये गुपचूप गोरिलाचं चित्र घातलं होतं, नेहमीच्या गाठीच्या ४८ पट मोठं. २४ पैकी २० जणांना तो दिसला नाही, कारण ते गाठी शोधत होते. आमच्याकडे असाच एक प्रकार घडला होता. पोरोसिटी वाढली होती म्हणून आठवडाभर सगळ्यांचे डोळे सीलिंग फेसवर खिळलेले, आणि एक टॅप होलच मारलेलं नाही असे पार्ट तीन जणांच्या हातांतून निघून गेले. रात्रभर गोडाऊनमध्ये बसून पेट्या फोडून सगळा माल पुन्हा चाळला. तेव्हापासून मी 'काय शोधायचं' याची यादी शेवटी देते, 'कुठे कुठे बघायचं' ही यादी आधी.

उजेड आणि कोन

पार्ट हलवा, डोकं हलवू नका. दिव्याची पांढरी पट्टी पार्टच्या पृष्ठभागावरून हळूहळू सरकू द्या. डेंट असेल तिथे ती पट्टी वाकते. डाग, रंगफरक सरळ उजेडात दिसतात. ओरखडे, उंचवटे, खड्डे तिरक्या उजेडात. वेल्ड तपासणीच्या आयएसओ १७६३७ या मानकात किमान ३५० लक्स उजेड सांगितला आहे, ५०० असावा अशी शिफारस आहे, डोळा पृष्ठभागापासून ६० सेंटीमीटरच्या आत आणि कोन ३० अंशांपेक्षा कमी नको. तुमचा पार्ट वेल्डचा नसला तरी सराव करताना अंतराचा हा अंदाज उपयोगी पडतो.

आता एकच डिफेक्ट जवळून दाखवते, कारण परीक्षेत सगळ्यात जास्त मुलं यावर घसरतात: कोल्ड शट, क्रॅक आणि फ्लो मार्क यांची गल्लत.

वितळलेल्या अ‍ॅल्युमिनियमचे दोन प्रवाह डायमध्ये समोरासमोर येतात. तोवर ते थंडावलेले असतील तर एकजीव होत नाहीत आणि मध्ये केसासारखी रेघ राहते. तो कोल्ड शट. ती रेघ वळणदार असते, कडा गोलसर, दोन पापण्या टेकाव्यात तशा. क्रॅक वेडावाकडा असतो, टोकाला निमुळता होत जातो आणि बहुधा कोपऱ्यातून किंवा बॉसच्या मुळातून निघतो. फ्लो मार्क म्हणजे धातू वाहिल्याची नुसती खूण, तिला खोली नसते. पार्ट हातात घेऊन तिरक्या उजेडात वळवा. फ्लो मार्क एका कोनात दिसतो आणि दुसऱ्या कोनात विरघळून जातो. कोल्ड शट आणि क्रॅक कुठूनही बघा, सावली धरून राहतात. मग नख आडवं फिरवा. नख अडकलं तर खोली आहे. शॉपवर शंका राहिली तर भेगेत शिरणारा लाल रंग आणि तो उठवून दाखवणारा पांढरा डेव्हलपर लावून बघता येतं, पण परीक्षेत तुमच्याजवळ उजेड, नख आणि लिमिट सॅम्पल एवढंच असतं. नख फिरवायची परवानगी आहे का, ते आधी विचारून घ्या, कारण काही कस्टमरच्या दिसणाऱ्या फेसला हात लावलेला चालत नाही.

घरी करायचा सराव

पार्ट घरी आणता येत नाहीत आणि आणूही नका. मी दोन सराव देते, दोन्ही स्वयंपाकघरातले.

पहिला नजर चुकते किती ते कळण्यासाठी. पाव किलो तूरडाळ घ्या. घरातल्या कुणालातरी त्यात हरभराडाळीचे मोजून दाणे मिसळायला सांगा. किती मिसळले ते त्यांनी तुम्हाला सांगायचं नाही, चिठ्ठीवर लिहून ठेवायचं. रंग जवळपास सारखा असल्यामुळे हे वाटतं तितकं सोपं नाही. परातीत आईसारखी एक थर जाडीची पसरा, रस्ता ठरवून एकदाच जा, मागे फिरू नका. शेवटी चिठ्ठी उघडा. मिसळणाऱ्यानं अधूनमधून एकही दाणा घालायचा नाही, हे आवर्जून सांगा. खराब माल क्वचित येतो तेव्हा तो सुटण्याचं प्रमाण वाढतं, हे विमानतळावरच्या बॅगा तपासण्याच्या कामातही अभ्यासलं गेलं आहे. काहीच सापडत नसताना शेवटच्या मुठीपर्यंत तितक्याच नेटानं बघणं, हाच त्यातला सराव.

दुसरा सराव तुमची रेषा हलते का ते कळण्यासाठी, आणि माझ्या मते हा जास्त मोलाचा. अंड्यांचा ३० खणांचा कागदी ट्रे घ्या. प्रत्येक खणात १ ते ३० नंबरची चिठ्ठी घाला आणि तिच्यावर एक शेंगदाणा ठेवा. दाणे निवडताना थोडे टपोरे, थोडे सुरकुतलेले, थोडे साल निघालेले, असे मिसळ घ्या. आधी ठरवा की किती सुरकुतलेला चालेल. मग एकेक दाणा उचलून ओके-एनजी लिहा. चिठ्ठ्या दाण्याखालीच राहू द्या. दुसऱ्या दिवशी कुणालातरी दाणे चिठ्ठ्यांसकट अदलाबदल करायला सांगा, पुन्हा लिहा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. मग तीन कागद शेजारी ठेवा.

पहिल्यांदा करणाऱ्या मुलांचे पाच-सहा दाणे तरी फिरलेले असतात. ते दाणे बाजूला काढा आणि सगळे एकत्र बघा. तुमचा निर्णय का फिरला ते त्या दाण्यांतच दिसतं. कुणाची रेषा सालावर अडखळते, कुणाची आकारावर. त्यांतला एक दाणा 'इथपर्यंत चालेल' म्हणून निवडा, वाटीत वेगळा ठेवा आणि नव्या ३० दाण्यांवर तीन दिवस पुन्हा करा. आता शंका आली की वाटीतला दाणा उचलून शेजारी धरायचा. फिरणारे निर्णय किती कमी होतात ते स्वतः बघा. माझ्या हाताखालच्या एका मुलीनं हे तीन आठवडे केलं, तिची आई वैतागली होती घरभर शेंगदाण्यांनी, आणि परीक्षेत तिचा एकच पार्ट फिरला.

वेळेचं भान दुसऱ्या आठवड्यापासून आणा. लाइनवर एका पार्टला जितके सेकंद मिळतात तेवढे मोबाइलवर लावून सराव करा. त्याआधी घड्याळ लावू नका, नाहीतर रस्ता बसण्याआधीच घाई बसते.

काही ठिकाणी भरतीच्या वेळी कागदी चाचणी असते: दोन चित्रांतले फरक शोधा, पार्ट नंबरच्या दोन रांगांतली चूक पकडा. नंबर उजवीकडून डावीकडे, तीन-तीन आकड्यांच्या गटानं वाचा. डावीकडून वाचलं की ओळखीचा नंबर मन आपणच पूर्ण करून टाकतं. चित्रांत फरक शोधतानाही तोच नियम, पट्ट्या पाडा आणि रस्ता सोडू नका.

डोळे

परीक्षेच्या महिनाभर आधी डोळे तपासून घ्या, आदल्या दिवशी नको. नवा चष्मा लागला तर त्याची सवय व्हायला वेळ लागतो. एनडीटीची, म्हणजे पार्ट न तोडता तपासण्याची, पात्रता मिळवणाऱ्यांना जवळचं वाचन येगर १ किंवा त्याच्या बरोबरीच्या अक्षरांचं, किमान ३० सेंटीमीटरवरून, चष्म्यासह किंवा चष्म्याविना वाचता यावं लागतं आणि ते दरवर्षी तपासतात. व्हिज्युअल इन्स्पेक्टरसाठीही अनेक कारखाने याच धर्तीवर तपासणी घेतात. चष्मा असणं हा दोष नाही. चाळिशी लागली असताना ती लपवून बसणं हा मात्र दोष आहे, आणि अनुभवी माणसंच तो करतात. परवा एका दादांना मी हात जोडून सांगितलं, चष्मा घाला, तुमचं ज्ञान आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त आहे, ते बारीक अक्षरामुळे वाया जायला नको.

रंगांची तपासणी इशिहारा प्लेटवर होते, रंगीत ठिपक्यांत लपलेले आकडे. जपानी नेत्रतज्ज्ञ शिनोबू इशिहारा यांनी त्या १९१७ साली प्रसिद्ध केल्या. त्या प्लेटचे आकडे पाठ करून जाऊ नका. रंग नीट न दिसणं पुरुषांत जास्त आढळतं, कारण ते एक्स गुणसूत्रावरून येतं, आणि अनेकांना ते तोवर माहीतही नसतं. तसं निघालं तर एचआरला स्पष्ट सांगा. कास्टिंगच्या तपासणीत रंगाचं काम कमी असतं, तिथे जागा मागता येते. वायर हार्नेसवर, जिथे तपकिरी आणि हिरवी वायर ओळखावी लागते, तिथे पाठ केलेल्या आकड्यांच्या जोरावर बसलात तर चूक एखाद्याच्या गाडीत जाऊन बसेल.

आणि झोप. तिसरी शिफ्ट करून सकाळी परीक्षेला बसवत असतील तर हात जोडून तारीख बदलून मागा. लक्ष किती लवकर ढळतं हे १९४८ साली ब्रिटनमध्ये रडारच्या कामासाठी झालेल्या प्रयोगांत दिसलं होतं, पहिल्या अर्ध्या तासातच चुका वाढायला लागल्या होत्या. ताज्या माणसाचं हे, मग रात्रभर जागलेल्याचं काय होत असेल! दोन फेऱ्यांच्या मध्ये उठा, दूरवर बघा, तोंडावर पाणी मारा. वीस मिनिटांनी वीस सेकंद, वीस फुटांवरचं काहीतरी, हा डोळ्यांच्या डॉक्टरांचा साधा नियम सराव करतानाही पाळा.

परीक्षेच्या दिवशी

सुरू होण्याआधी प्रश्न विचारा. लिमिट सॅम्पल टेबलावर मिळणार का? दिसणारा फेस कोणता? रीवर्क (दुरुस्त) होण्यासारखा बर, म्हणजे कडेला राहिलेला धातूचा कंगोरा, असेल तर त्याला एनजी म्हणायचं का? एका पार्टला वेळ किती? परीक्षा घेणाऱ्याला राग येईल असं वाटून मुलं गप्प बसतात आणि मग पन्नास पार्टभर अंदाज बांधत राहतात. मला तरी विचारणारी मुलं आवडतात.

टेबलाची उंची, खुर्ची आणि दिवा बसण्यापूर्वीच नीट करून घ्या. दिवा लुकलुकत असेल तर सांगा. हातमोजे घालायचे असतील तर सरावही हातमोज्यांतच केलेला हवा, नख मोज्यातून लागत नाही.

पहिला पार्ट उचलण्याआधी लिमिट सॅम्पल एकदा हातात घ्या. मग रस्ता सुरू. दुसऱ्या फेरीत एखादा पार्ट ओळखीचा वाटेल: 'अरे, हा मघाचाच, याला आपण ओके म्हणालो होतो.' तो विचार तिथेच सोडा. आठवणीवर निर्णय दिलात तर एक तर आठवण चुकते, नाहीतर पहिली चूक तुम्ही स्वतःहून तीनदा करता. पार्ट नवा समजून बोअरपासून सुरू करा. पार्टवर पेनानं खूण करणं, शेजारच्या इन्स्पेक्टरचा निर्णय ऐकणं, लिहून घेणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघणं, यातलं काहीही करू नका. चेहऱ्याकडे बघायची सवय तर अनेकांना नकळत असते, म्हणून मी लिहून घ्यायला बसले की मान खाली घालून बसते.

लागोपाठ आठ-दहा पार्ट ओके आले की मनात येतं, आता एखादा एनजी असायलाच हवा. तसं काही नसतं. मांडणी कशीही असू शकते. पार्ट जे सांगतो तेवढंच बोला.

निकाल लागला की, पास झालात तरी, तुमची शीट मागून घ्या. तिच्यावर फिरलेल्या निर्णयांचे नंबर असतात. ते पार्ट आणि त्या डिफेक्टचं लिमिट सॅम्पल शेजारी शेजारी ठेवून, सुपरवायझरला सोबत घेऊन, त्याच दिवशी बघा. दुसऱ्या दिवशी ते पार्ट कपाटात कुलूपबंद होतात आणि पुढच्या परीक्षेपर्यंत बाहेर येत नाहीत.